बारा वाजताची ओहोटी

पानाच्या उजव्या कोपऱ्यात आंब्याच्या रसाचा अंगठा उमटला होता. कडा सुकून काळपट झाल्या होत्या, मधला भाग अजून बोटाला चिकटत होता. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या दमट हवेत एवढा रस पुरता वाळायला तीनेक तास लागतात. म्हणजे हे पान वाचून दोन तास झाले असावेत, फार तर अडीच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा मिनिटं कमी होती.

“सापडली का?” उज्ज्वलाताईंनी दारातून विचारलं. त्या नुकत्याच कोल्हापूरच्या एसटीतून उतरल्या होत्या. पिशवी अजून त्यांच्या हातातच होती.

“नाही.”

“शेजारी असेल.”

“शेजारी विचारून आले.”

“मोबाईल तर इथं चार्जिंगला लावलाय. तो टाकून ही पोरगी कुठं गेली?” त्या मोबाईलजवळ जाऊन उभ्या राहिल्या. “हे काही बरोबर वाटत नाही मला, वृंदाताई. जेवताना सुटत नाही तिच्या हातातून हा.”

माझी नजर पानावरच्या ओळींवर होती. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या.

‘पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, बरोबर बारा वाजता, समुद्र घुमटातून पाय मागे घेतो. छपराच्या भोकातून सूर्य सरळ खाली उतरतो आणि पेटीवर बोट ठेवतो. कावेरीने आधीच आत जाऊन बसायचं आहे. उशीर झाला तर तिसरा जीव गेला.’

मी कॅलेंडरकडे पाहिलं. कालच्या चौकटीत पौर्णिमेचा गोल होता.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मी एका लहानशा किनारी गावात मत्स्यसंशोधन केंद्रात काम करत होते. जुई माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. मंजिरी सोलापूरला वारली तेव्हा जुई नऊ वर्षांची होती. तिचे वडील मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. “सध्या तुझ्याकडे राहू दे,” असं ते म्हणाले, आणि त्या ‘सध्या’ला दोन वर्षं झाली. उज्ज्वलाताई तिची सख्खी आत्या. त्यांच्या घराजवळ मुलींची चांगली निवासी शाळा होती. जुईला तिथे घालावं, सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे आणावं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं चुकीचं नव्हतं. जुई दोन विषयांत नापास झाली होती. शाळेतून आली की मोबाईलवर खेळायला बसायची. पाठ्यपुस्तक समोर धरलं की तिला झोप यायची, खरोखरची झोप, मान खाली पडायची.

दिवाळीत उज्ज्वलाताईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, सहामाहीचा निकाल लागू दे. संक्रांतीला विचारलं, तेव्हा म्हणाले, वार्षिक परीक्षा होऊ दे. जुईचे वडील फोनवर म्हणायचे, “वृंदा म्हणेल ते. तिच्या डोळ्यांसमोर आहे पोरगी.” आणि वृंदा काही म्हणत नव्हती. मी लग्न केलेलं नव्हतं, मूल कधी हाताळलेलं नव्हतं. माझ्याजवळ राहून तिचं भलं होईल याला माझ्याकडे काही आधार नव्हता, आणि आधार नसताना निष्कर्ष काढायची मला सवय नव्हती. आता शाळेतली जागा धरून ठेवायची मुदत बुधवारी संपत होती. उज्ज्वलाताई आल्या होत्या त्या मुलगी तरी न्यायला, नाहीतर उत्तर तरी.

पुस्तक मी फेब्रुवारीत सुरू केलं होतं. त्याआधी आठवडाभर जुईच्या मागे बसून तिचा खेळ नुसता बघितला होता. त्यात कुलपं होती, नकाशे होते, तीन जीव होते आणि प्रत्येक दारापाशी बारीक अक्षरातली इंग्रजी सूचना होती. ती सूचना जुई वाचत होती. अडलेला शब्द शोधून वाचत होती. तिला वाचता येत नव्हतं असं नव्हतंच. पुढचं दार उघडणार नसेल तर ती वाचत नव्हती, इतकंच.

मग मी कावेरी नावाची मुलगी केली, तिला तीन जीव दिले आणि आमच्याच किनाऱ्यावर सोडली. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोडं आणि त्याचं आकडी उत्तर. ते उत्तर चिठ्ठीवर लिहून दाराच्या कडीत खोचलं की दुसऱ्या दिवशी दप्तरात पुढचं प्रकरण असलेलं पाकीट मिळे. कुणी ठेवलं ते कुणीच बोलत नसे. पहिली दोन प्रकरणं आठवडाभर तशीच पडली होती. तिसऱ्यापासून पानांवर तेलाचे, चटणीचे, पेरूच्या बियांचे डाग दिसायला लागले. त्या डागांवरून ती कुठपर्यंत पोचली ते मला कळत असे. बारावं प्रकरण मी शनिवारी ठेवलं. तेरावं, शेवटचं, मला लिहायला जमत नव्हतं.

आणि या बाराव्या प्रकरणात मी समुद्राची वेळ बदलली होती.

आमच्या किनाऱ्यावर भरती केव्हा, हे बघायला कुणी तक्ता काढत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि ते ऐन दुपारी असतं. घुमट म्हणजे गावाच्या टोकाला कातळाखालची गुहा. लाटा आत शिरल्या की ती घुमते. तिच्या छपराला परातीएवढं भोक आहे. मला त्या भोकातून सरळ उतरणारा सूर्य हवा होता, आणि पेटी उघडी पाडायला उधाणाची ओहोटीही हवी होती. दोन्ही एका वेळी होत नाहीत. तेव्हा मी ओहोटी उचलून सहा तास इकडे आणली. लिहिताना मनात आलंही होतं की गावातलं पाच वर्षांचं पोर हे वाचून हसेल. पण वाचणार होती एकटी जुई. ती सोलापूरची, आणि दोन वर्षांत ती समुद्रावर चार वेळाही गेली नव्हती.

“उज्ज्वलाताई,” मी म्हणाले, “ती घुमटात गेलीय.”

“कशात?”

मी चपला घातल्या नाहीत.

वाळूवर सदाशिव तांडेल होडीच्या सावलीत बसून जाळं सांधत होते. माझ्या धावण्याकडे बघूनच ते उठले.

“काय झालां, मॅडम?”

“जुई. घुमटात. साडेआठ-नऊला गेली असेल.”

“घुमटात?” त्यांनी समुद्राकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. “आज पडवो. पावणेएकाक भरती पुरी. ह्या वेळेक घुमटात कोण जाता?”

“तिला माहीत नाही.”

“दोन वर्सां हंय रवता आणि म्हायत नाय?”

टोकाशी बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. गुहेचं तोंड दिसत नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं, तिथे लाट आत जात होती आणि खालून नगारा वाजवल्यासारखा आवाज येत होता.

“हय्‌सून आता जमाचा नाय,” तांडेल म्हणाले. होडीतून दोराचं वेटोळं त्यांनी खांद्यावर घेतलं आणि जाळ्याचा एक मोठा तरंगता बोया सोडवून घेतला. “वरसून. भोकातसून. चला.”

कातळावरून ते भोक पंधरा मिनिटांवर आहे. जांभा दगड तव्यासारखा तापला होता. मी पळताना आकडे मांडत होते, ते थांबवता येत नव्हते. घुमटाच्या भिंतीवर कालवांची एक पांढरी रेघ आहे. उधाणाचं पाणी तिथपर्यंत येतं. दोन वर्षांपूर्वी एका पाहणीत मीच ती मोजली होती, तळापासून दोन मीटर दहा. आत डाव्या हाताला एक कट्टा आहे, ऐंशी सेंटिमीटर उंच. जुईची उंची एकशे अडतीस. ऐंशी आणि एकशे अडतीस, दोनशे अठरा. पाण्याच्या वर आठ सेंटिमीटर. आठ सेंटिमीटरमध्ये कपाळ येतं. नाक येत नाही.

मागून उज्ज्वलाताईंचा धापा टाकणारा आवाज येत होता. “कुणी सांगितलं तिला तिथं जायला? वृंदाताई, कुणी सांगितलं?”

भोकापाशी मी पालथी पडले आणि तोंड आत घातलं. खाली काळोख, आणि काळोखात हलणारं काहीतरी. खारट, गार वारा तोंडावर आला.

“जुई!”

माझाच आवाज चारदा परत आला. मग खालून, अगदी चिडलेला:

“मावशी, बाजूला हो ना! तू भोक झाकलंयस. सूर्य यायचाय.”

मी डोकं थोडं मागे घेतलं. डोळे सरावले तशी ती दिसली. कट्ट्यावर उभी, पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही तळवे दगडावर. पाणी तिच्या गुडघ्यांच्या वर होतं. लाट आली की कमरेपर्यंत जाई.

“जुई, ऐक. वरून दोरी येतेय. तिला फास आहे, तो डोक्यातून घालून काखेत घ्यायचा.”

“नको. पाणी जाईल आता. किती वाजले?”

“साडेअकरा.”

“मग अर्धाच तास राहिला.” तिचे दात वाजत होते, पण आवाज स्वस्थ होता. “मला पण आधी भीती वाटली. म्हटलं हे उलटंच चाललंय. मग लक्षात आलं, बाराला एकदम जाणार. शेवटच्या लेव्हलला असंच असतं. अगदी संपलं असं वाटतं, तेव्हाच होतं.”

तांडेलांनी माझ्या खांद्याला हात लावला. “तिका सांगा. येळ नाय.”

“जुई, पाणी बारा वाजता जाणार नाही.”

“पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तकात चुकीचं लिहिलंय.”

“तुला काय माहीत?”

उज्ज्वलाताई माझ्या शेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

“कारण ते मी लिहिलंय,” मी म्हणाले.

लाट आत आली, घुमट घुमला. आवाज विरेपर्यंत काही ऐकू येईना. मग जुई म्हणाली, “ते मला माहितीये.”

“काय?”

“तूच लिहितेस ते. त्या पाकिटांना वास येतो. मेलेले मासे ठेवता ना तुम्ही त्या बरण्यांत, तसला. तुझ्या हातांना येतो तोच.” थोडं थांबून ती म्हणाली, “म्हणून तर आले. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी आलेच नसते. तू कधी उगाच काही सांगत नाहीस.”

उज्ज्वलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

“या वेळी सांगितलं,” मी खाली ओरडले. “जुई, मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. आज बारा वाजता ओहोटी नसते. आज पावणेएकला भरती पुरी होते. पाणी अजून चढणार आहे. तुझ्या डोक्यापर्यंत.”

“मुद्दाम?”

“गोष्टीला तसं हवं होतं म्हणून.”

खालून काही उत्तर आलं नाही. पाणी बघता बघता तिच्या मांड्यांच्या वर गेलं. तिने मान वर केली होती, चेहरा नुसता फिकट ठिपका. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी मोजल्या आहेत. ती शांतता किती वेळ होती ते मला सांगता येणार नाही.

“मग पेटी?” तिने विचारलं.

“आधी दोरी धर. वर आलीस की सांगते.”

“नेहमी तू नंतरच सांगतेस.”

“ए पोरी!” उज्ज्वलाताईंनी मला बाजूला ढकललं आणि स्वतःच भोकात वाकल्या. “ऐकतीस का न्हाई? गप दोरी धर आधी. मावशीशी भांडण वर येऊन कर. मी बी तुझ्या बाजूनं भांडते. आधी वर ये, माझी बाय!”

तांडेलांनी दोर सोडला. फासाच्या वर बोया बांधला होता. दोर सरळ खाली गेला तो कट्ट्यापासून पुरुषभर लांब. जुईला पोहता येत नव्हतं. त्यांनी वरून दोर झुलवायला सुरुवात केली. बोया भिंतीवर आपटला, मागे आला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा तिच्या बोटांना लागून निसटला. तिसऱ्यांदा लाट आली आणि ती कट्ट्यावर दिसलीच नाही.

“जुई!”

“मारू नुको बोंब,” तांडेल दात आवळून म्हणाले. “दोर जड झालो हा. बोया धरल्यान तिना.”

ती पाण्यात होती. बोया दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, तोंड पाण्याच्या वर, डोळे मिटलेले. लाट तिला भिंतीकडे नेत होती आणि परत आणत होती.

“आता फास, जुई. एक हात सोड. एकच. डावा.”

“नाही सुटत.”

“सुटेल. एक, दोन, तीन म्हणते. तीनला.”

“तू खरं म्हणतेस?”

“हो. आता खरं म्हणतेय.”

तिने तीनच्या आधीच हात सोडला. बुडाली. वर आली तेव्हा फास तिच्या एका काखेत होता, दुसऱ्या बाजूला गळ्याशी अडकला होता. “दुसरा हात, दुसरा हात त्यातून काढ,” मी ओरडत होते. तिने तो कसा काढला मला दिसलं नाही. मी उठून दोराला हात घातला होता. पुढे तांडेल, मध्ये मी, मागे उज्ज्वलाताई, दोन्ही टाचा जांभ्याच्या खाचेत रोवून. अडतीस किलोचं ओलं मूल इतकं जड असेल अशी मला कल्पना नव्हती. भोकाच्या काठाला तिचा खांदा घासला, कोपर अडलं, मग तांडेलांनी तिच्या फ्रॉकला मागून धरून तिला उन्हात ओढून काढलं.

घड्याळात बाराला सहा मिनिटं कमी होती.

ती बराच वेळ खारं पाणी ओकत होती. उज्ज्वलाताईंनी तिला मांडीवर पालथी घेतली, पाठ चोळली, प्रवासाची नवी साडी होती तिच्या पदरानेच तिचं डोकं पुसलं. त्यांच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. त्या ठिकाणचं रक्त जुईच्या पाठीला लागत होतं, आणि जुईलाच लागलंय असं समजून त्या पुनःपुन्हा तिचं अंग तपासत होत्या.

“तुमचंच आहे ते,” मी म्हणाले.

“असू दे.” त्यांनी हात पालथे करून पाहिले, जणू दुसऱ्या कुणाचे. मग माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. भरती, ओहोटी, सगळं तुमच्या बोटावर. आणि असलं लिहून पोरीच्या हातात देता?”

“हो.”

“हो काय? हो काय नुसतं?”

“दिलं मी. चूक माझीच आहे. मला वेळ माहीत होती.”

तांडेल दोर गुंडाळत थोडे लांब गेले. “शहाळां हाडतंय,” असं कुणालाच उद्देशून न म्हणता ते शहाळी आणायला खाली उतरू लागले.

कातळावर सावली म्हणून नव्हती. जुई उठून बसली. काखेखाली दोराचा जाड लाल वळ उठला होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भोकाकडे पाहिलं. सूर्य आता जवळजवळ त्याच्या डोक्यावर आला होता.

“पेटी नव्हतीच?” तिने विचारलं.

“नव्हती.”

“म्हणजे तू नेऊन ठेवली नव्हतीस.”

“नाही, बाळा. ती गोष्टीतली पेटी होती.”

“मला वाटलं, ठेवली असशील.” तिने नाक पुसलं. “बाकी सगळं खरं होतं ना. खारवीवाड्यातली विहीर खरी होती. देवळामागच्या पायऱ्या सत्तेचाळीसच होत्या, मी मोजल्या. दीपमाळेवरचा मासा पण होता. मग पेटी कशी खोटी असेल?”

“तू इथवर सगळीकडे जाऊन बघितलंस?”

“मग? नुसतं वाचून काय कळतं?”

उज्ज्वलाताई पदराचं ओलं टोक पिळत होत्या.

“काय असणार होतं त्या पेटीत, इतकं जीव टाकून जाण्यासारखं?” त्यांनी विचारलं. “पैसाअडका? सोनं?”

“नाही गं आत्या. चिठ्ठी. ‘विचारशील त्याचं उत्तर.’ तसं लिहिलंय.” जुई गुडघे पोटाशी घेऊन बसली. “आज तू येणार होतीस ना. मला माहीत होतं कशाला ते. मी रात्री मावशीला फोनवर बोलताना ऐकलं. म्हणून म्हटलं, तू यायच्या आधी चिठ्ठी काढून आणावी. त्यात मावशीनं लिहिलं असेल.”

“काय लिहिलं असेल?”

“मी कुठे राहायचं ते.”

उज्ज्वलाताईंच्या हातातला पदर तसाच राहिला.

“तोंडाने नाही ना सांगत ती,” जुई म्हणाली. “दिवाळीनंतर सांगते म्हणते, परीक्षेनंतर सांगते म्हणते. मला वाटलं, तिला लिहूनच सांगायचं असेल. ती लिहिते तेव्हा बरोबर सांगते.” मग अगदी हळू, “सांगायची.”

मला तेरावं प्रकरण का लिहिता येत नव्हतं ते मला तेव्हा कळलं. चार वेळा बसले होते. पेटी उघडली की कावेरीला काय मिळतं, यापाशी येऊन चारही वेळा उठले होते. कोड्याचं उत्तर आधी ठरवून मग कोडं रचायचं, ही साधी रीत. ती मोडून मी नुसतीच कोडी घालत गेले होते. आणि एक अकरा वर्षांची मुलगी, मी मनात तरी उत्तर काढून ठेवलं असेल, या भरवशावर पाण्यात उभी राहिली होती.

उज्ज्वलाताईंनी तिचे ओले केस कानामागे सारले. मग म्हणाल्या, “माझ्याकडे गणपतीला आली होती ही. चार दिवसांत मी दहा वेळा म्हटलं, एवढं दूध पी. नाही प्यायली. आणि तुमच्या एका ओळीवर मांडीभर पाण्यात उभी राहिली.” त्यांचा आवाज फाटला. “मला तुमचा राग येतोय, वृंदाताई. आत्ता तर इतका येतोय की तुमच्या घरात पाणी प्यायची इच्छा नाही. न्यायला आले होते, आणि हे बघून तर आत्ताच्या आत्ता न्यायला हवी. कुणीही हेच म्हणेल.”

“म्हणेल,” मी म्हणाले. “मीही म्हटलं असतं.”

“मग?”

मी उत्तर शोधत होते, आणि शोधायला काहीच नव्हतं. माझ्या बाजूने मांडता येईल अशी एकही गोष्ट त्या कातळावर नव्हती. होती ती सगळी विरुद्ध होती, आणि सगळी खरी होती: भोक, दोर, तिच्या काखेतला वळ, उज्ज्वलाताईंचे तळवे. दोन वर्षं मी ज्या पुराव्याची वाट पाहत होते, तो आला होता, आणि तो माझ्या नापास होण्याचा होता. नियमाप्रमाणे निष्कर्ष सोपा होता.

“आत्ता नको,” उज्ज्वलाताई थकून म्हणाल्या. “पोर गारठलीय. घरी चला. जेवू, झोपू. उद्या सकाळी काय ते सांगा.”

जुईने मान खाली घातली. ‘उद्या’ हा शब्द तिने किती वेळा ऐकला होता ते मला माहीत होतं. ती उठायला लागली. तिला काही अपेक्षा उरली नव्हती, आणि ते तिच्या उठण्यात दिसत होतं.

मी तिचं मनगट धरलं. नाडी अजून पळत होती.

“उद्या नाही,” मी म्हणाले. “जुई, बस. इकडे बघ. मी पुन्हा चुकेन. मला हे येत नाही, अजून शिकतेय. तुझी आत्या तुला माझ्यापेक्षा नीट सांभाळेल, हेही खरं आहे. हे सगळं धरून सांगते.”

तिने बघितलं. उज्ज्वलाताईंनीही.

“तू माझ्याकडे राहायचं आहेस. निकालावर नाही, मुदतीवर नाही. मला तू हवी आहेस.”